पार्बताबाईच्या घरचा कूलर

आपली सून काय नोकरी करते, हे पुंजाजींना अजून धड सांगता येत नव्हतं. पुंजाजी बडनेऱ्याचे, रेल्वेतून रिटायर झालेले. जन्मभर रूळ तपासत चालले, त्यामुळे नोकरी म्हटली की त्यांच्या डोळ्यांपुढे युनिफॉर्म, पास आणि पेन्शन यायचं. दीपमाला रोज सकाळची गाडी धरून अकोल्याला जाते, दिवसभर लोकांची पोरं सांभाळते आणि संध्याकाळी घामाने निथळत परत येते, याला काय म्हणावं? कोणी विचारलंच तर ते "संस्थेत हाय" एवढं म्हणत. समोरच्याने आणखी खोलात जायच्या आत ते तंबाखू मळायला घेत.

दीपमालाला त्याचं काही वाटत नसे. आपल्याला आपलं काम येतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. संस्थेत काम करणारी माणसं दोन जातीची असतात. एक बोलताना हळवी होणारी, आणि दुसरी सगळ्यांचं हळवं होऊन झालं की सतरंजी झटकून घडी घालणारी. दीपमाला खंडारे दुसऱ्या जातीची. चार्ट पेपरवर स्केच पेनने सुबक अक्षर काढायचं, रडणारं पोर खांद्यावर टाकून फोनवर नगरसेवकाला नळाबद्दल झाडायचं, पाहुण्यांसमोर बायांना टाळ्यांचे प्रकार करायला लावायचे, हे सगळं ती एका दमात करायची. अमरावतीला एम.एस.डब्ल्यू. करताना यातलं निम्मंसुद्धा कोणी शिकवलं नव्हतं.

तिचं केंद्र होतं अकोल्यात, मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरातल्या एका बोळात. बाजारात भाजी, फळं, फुलं विकणाऱ्या बायांच्या लेकरांचं पाळणाघर. हे केंद्र नव्हतं तेव्हा ती लेकरं कुठे असायची? हातगाडीखाली. पोत्यावर. कोथिंबिरीवरचं ओलं फडकं डोक्याला गुंडाळून. अकोल्याचा उन्हाळा ज्याने पाहिलाय त्याला यापुढचं सांगायला नको.

आता ते केंद्र जूननंतर चालणार की नाही, यावर सगळं येऊन अडलं होतं. मुंबईचा एक ट्रस्ट केंद्राचा खर्च देत होता आणि त्यांची मुदत संपत आली होती. मुदत वाढवायची की नाही, हे ट्रस्टच्या आरती मॅडम स्वतः केंद्र पाहून ठरवणार होत्या. त्या मंगळवारी येणार होत्या. त्या हो म्हणाल्या तर ठीक, नाही म्हणाल्या तर जूनअखेर दाराला कुलूप आणि लेकरं परत हातगाडीखाली.

दीपमालाला काळजी होती, पण भीती नव्हती. केंद्र तिने हाताने उभं केलं होतं आणि ते दाखवण्यासारखं होतं. तिच्या मते आरती मॅडमनी नुसतं दारात उभं राहायचं होतं, बाकी केंद्रच बोललं असतं.

भीती होती ती गोवर्धन सरांना.

गोवर्धन सर म्हणजे संस्थेचे संस्थापक, अध्यक्ष, ड्रायव्हर आणि कधीकधी आचारीसुद्धा. मास्तरकी सोडून त्यांनी ही संस्था काढली होती. खादीचा कुर्ता, खांद्याला झोळी, आणि देणगीदाराचं नाव काढलं की आवाजात आपोआप येणारा एक ओलावा. माणूस भला. फक्त इतकी वर्षं लोकांपुढे हात पसरून पसरून त्यांना एक खोड लागली होती. कुठलीही चांगली गोष्ट दिसली की ती देणगीदाराला कशी दिसेल, हे आधी त्यांच्या मनात येई.

सोमवारी दुपारी ते पाहणीच्या तयारीला केंद्रात आले, दारातच थबकले आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "दीपमाला, हे काय आहे?"

"केंद्र आहे, सर."

"ते दिसतं मला. हा कूलर?"

खिडकीत कूलर सुरू होता. चांगला मोठा, लोखंडी पत्र्याचा, आकाशी रंगाचा. त्याच्या पंख्याचं एक पातं कुठेतरी घासायचं, त्यामुळे तो फिरताना एका ठेक्यात खर्र-टक, खर्र-टक करायचा. तो आवाज लागल्याशिवाय लेकरं झोपत नसत. बोळातल्या माणसांनाही तो पाठ झाला होता.

हा कूलर ट्रस्टचा नव्हता, संस्थेचाही नव्हता. तो बायांनी घेतला होता. मागच्या उन्हाळ्यात एका लेकराला उन्हाचा त्रास झाला, तेव्हा त्यांनी आपसात वर्गणी काढली आणि सगळ्याजणी मिळून दुकानात गेल्या. भाजीबाजारात भाव करून करून ज्यांची जीभ तयार झालीय अशा एवढ्या बाया एकदम दुकानात शिरल्यावर त्या दुकानदाराचं काय झालं असेल, ते तोच जाणे. कूलर आला तेव्हा फुलवाल्या माणिकबाईने त्याला झेंडूचा हार घातला, हळदीकुंकू लावलं, आणि त्या वर्षी कूलरइतका मान कोणत्याही नवरदेवाला मिळाला नाही.

"हे बघ," सर समजावणीच्या सुरात म्हणाले, "ट्रस्टने या वर्षी काय कळवलंय? सगळ्यात गरजू केंद्रांना प्राधान्य. त्या मॅडम आत येणार, थंडगार हवा लागणार, आणि म्हणणार, इथे तर सगळं आहे. यांना कशाला द्यायचं?"

"पण सर, हा बायांनी स्वतः घेतलाय. हे तर चांगलंच आहे ना सांगायला?"

"चांगलं आहे गं. पण चांगल्याला पैसे मिळत नाहीत, गरजेला मिळतात. मी इतकी वर्षं हेच पाहत आलोय. एका दिवसाचा प्रश्न आहे. कूलर कुठेतरी हलव आणि बुधवारी परत लाव."

दीपमालाने वाद घातला. चांगला घातला. पण सरांनी शेवटी झोळी खांद्यावरून काढून खाली ठेवली आणि म्हणाले, "केंद्र बंद पडलं तर त्या बायांना मी काय तोंड दाखवू, सांग." ते मनापासून म्हणत होते आणि नेमकं तेच तिला लागलं. समजा सरांचं खरं निघालं तर? एका कूलरपायी सगळी लेकरं उन्हात गेली तर?

"बायांना विचारून बघते," ती म्हणाली.

"आता कुठे विचारतेस? त्या सगळ्या बाजारात. आणि विचारलं की चर्चा, चर्चा झाली की मॅडमच्या कानावर. राहू दे."

आणि दीपमालाने राहू दिलं. केंद्राच्या भिंतीवर तिने स्वतःच्या सुबक अक्षरात रंगवलं होतं, 'केंद्र आपलं, निर्णय आपला.' त्या भिंतीकडे पाठ करून तिने कूलरची वायर गुंडाळली.

संध्याकाळी लेकरं घरी गेल्यावर ती आणि केंद्रात बालवाडी घेणारी प्रतीक्षा, दोघींनी मिळून कूलर उचलला. तो ठेवायला जवळची जागा एकच, समोरची पार्बताबाई. ती एकटी राहायची. उन्हाळ्यात कुरडया, शेवया, मूगवड्या करून विकायची. केंद्रातल्या बायांपैकी ती नव्हती. त्यातून माणिकबाईशी तिचं नळावरून एकदा कडाक्याचं भांडण झालेलं, त्यामुळे केंद्राकडे ती फिरकतच नसे. पण दीपमालाशी तिचं बरं होतं.

"मावशी, उद्या दुपारपर्यंत ठेवायचाय. आणि कोणाला सांगायचं नाही, काही झालं तरी."

"मी कायले सांगू?" पार्बताबाई म्हणाली. "शबुद देल्ला म्हंजे देल्ला. ठेव तिथं कोपऱ्यात."

दीपमालाने त्यावर एक जुनं लुगडं टाकलं, हात झटकले आणि बडनेऱ्याची गाडी धरली. गाडीत तिला बसायला जागा मिळाली, खिडकीही मिळाली, तरी बरं वाटलं नाही.

मंगळवारी आरती मॅडम वेळेवर आल्या. सुती साडी, पायात साध्या चपला, हातात फाइल. बोलायला मृदू आणि बघायला तीक्ष्ण. बायांना मीटिंगसाठी दीपमालाने बोलावलंच होतं. गाड्या शेजारणींच्या भरवशावर टाकून त्या आल्या आणि दारातून आत पाऊल टाकताच एकेकीचं लक्ष खिडकीकडे गेलं. कूलरच्या जागी पुठ्ठा लावलेला होता.

"ताई, कूलर कुठी गेला?" माणिकबाईने विचारलं. तिच्या कडेवर तिची नात मैना होती, आणि मैनेच्या अंगावर आत्ताच घामोळं फुललं होतं.

"दुरुस्तीला," दीपमाला म्हणाली. बोलताना तिने मैनेचा गाल कुरवाळला, म्हणजे माणिकबाईच्या डोळ्यांत बघायला लागू नये.

"आजच?"

"पातं घासत होतं ना."

माणिकबाईने फक्त "हं" केलं. पण बाजारात गिऱ्हाईक खोटा भाव सांगतं तेव्हा ती अगदी असंच "हं" करत असे.

मीटिंग सुरू झाली. गाणं झालं, गुलाब झाले, टाळ्या झाल्या. ठरलेल्या बाया ठरलेलं बोलल्या. सगळं पाठ असल्यासारखं सुरळीत चाललं होतं आणि सगळ्यांच्या अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या. लेकरं किरकिरायला लागली. आरती मॅडम फाइलने वारा घेत होत्या. त्यांचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. गोवर्धन सरांच्या चेहऱ्यावर मात्र समाधान पसरत चाललं होतं.

"उन्हाळ्यात मुलांचं इथे कसं होतं?" मॅडमनी विचारलं.

सरांनी दीर्घ श्वास घेतला. आवाजात तो ओलावा आणला. "हाल होतात, मॅडम. काय सांगू? लहान लहान जीव..." आणि पुढे काही न बोलता त्यांनी मान खाली घातली. खोलीत क्षणभर सगळे गप्प झाले.

त्या गप्पपणात बोळाच्या पलीकडून आवाज आला. खर्र-टक. खर्र-टक.

दीपमालाने दाराकडे पाहिलं.

झालं होतं असं, की पार्बताबाई पहाटेपासून गच्चीवर कुरडया घालत होती. ऊन चढल्यावर ती खाली उतरली, तर घरात कूलर. शब्द तिने न सांगण्याचा दिला होता, न लावण्याचा नव्हे. तिने टाकीत पाणी भरलं, बटण दाबलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घरात गार हवेत पाय लांब करून बसली. यात तिचं काय चुकलं म्हणा.

माणिकबाईने कान टवकारले. मैना मांडीवरून म्हणाली, "आजी, कूलर." लहान लेकराने ओळखला, तो आवाज इतर बायांनी ओळखला नसता तरच नवल. माणिकबाई उठली. "थांबा जराशा, मॅडम," म्हणाली आणि पायात चपला न घालता तशीच बाहेर पडली. तिच्यामागे सगळ्या बाया. त्यांच्यामागे प्रतीक्षा, सर, दीपमाला. आणि सगळ्यांत शेवटी, काय चाललंय ते पाहायला, फाइल छातीशी धरून आरती मॅडम.

पार्बताबाईचं दार उघडंच होतं. माणिकबाईने आत पाहिलं आणि तिचा आवाज चढला.

"वो पार्बताबाई. आमचा कूलर तुह्या घरी काहून?"

पार्बताबाईने पाय आवरले. उठून उभी राहिली.

"मी इचारून राहिली तुले. ताई म्हणते दुरुस्तीले गेला, अन् थो इथं तुले हवा देऊन राहिला? केवा उचलला? कोनं आनून देल्ला?"

"रातीच आनला असन," मागून एक बाई म्हणाली. "म्या सकाळीच पाह्यलं, खिडकी उघडी होती."

"तोंडात मूग गिळले का? पोलिसाले बलावते मी आता."

एव्हाना बोळ भरला होता. गच्च्यांवरून माणसं वाकून बघायला लागली होती. पार्बताबाईने एकदा, फक्त एकदाच, दीपमालाकडे पाहिलं. मग नजर खाली घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत गप्प उभी राहिली. शब्द दिला म्हणजे दिला.

दीपमालाच्या शेजारी सर उभे होते. त्यांनी हळूच तिच्याकडे पाहून मान हलवली, आत्ता नको, मागून मिटवू, अशी. तिला त्यांचं म्हणणं कळलं. गैरसमज झाला म्हणून दोन्ही बायकांना बाजूला घेता आलं असतं. मॅडमना चहाला नेता आलं असतं. पाहणी चांगली चालली होती. थोडं सांभाळून घेतलं असतं तर केंद्र वाचलंही असतं. आणि दुपार व्हायच्या आत पार्बताबाई चोर असल्याची खबर नदीपर्यंत गेली असती. जुन्या शहरात एकदा असं नाव पडलं की मग ते पुसायला कोणी येत नाही. तिच्या कुरडया कोण घेणार होतं?

"कूलर मी ठेवलाय इथे," दीपमाला म्हणाली. गच्चीवरच्यांनाही ऐकू जाईल अशा मोठ्याने म्हणाली. "काल संध्याकाळी मीच आणला. पार्बता मावशींनी मला विचारलंसुद्धा नाही की कशासाठी. मीच त्यांच्याकडून शब्द घेतला, कोणाला सांगू नका म्हणून. दुरुस्तीचं मी तुम्हाला खोटं सांगितलं."

कूलर तेवढा आपल्या ठेक्यात सुरू होता.

"काहून?" माणिकबाईने विचारलं.

"मॅडमना आपलं केंद्र गरजू दिसावं म्हणून."

गोवर्धन सरांनी घसा खाकरला. पळ काढायचा असता तर तो क्षण चांगला होता. पण ते पुढे आले. "तिचं नाही, माझं डोकं ते," ते म्हणाले. "ती नाही म्हणत होती. मी लावलं तिला करायला." बोलताना त्यांच्या आवाजात कसलाही ओलावा नव्हता, आणि दीपमालाला तो माणूस त्या दिवशी जितका आवडला तितका आधी कधीच आवडला नव्हता.

माणिकबाई दोघांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एवढंच? मंग आमाले सांगाचं नं, सर. आमीच उचलून ठेवला असता. माह्याजवळ एक फाटकं लुगडं हाय, थेबी नेसून आली असती मी. रडाले सांगतलं असतं तं रडली असती. केंद्र वाचवाचं म्हंजे आमाले का समजत नाही?"

बाया हसल्या. आरती मॅडमच्याही ओठांचा कोपरा हलला. माणिकबाई मात्र हसली नाही.

"पण आमची वस्तू आमाले न इचारता उचलली तुमी. थे नाही जमत. चार वर्सं झाले, ताई, तुमी आमाले सांगून राहिल्या, बोला, इचारा, तुमचं तुमी ठरवा. अन् ठरवाची पाळी आली तं तुमी वायर गुंडाळून मोकळ्या."

दीपमालाला शरम वाटली, चांगली सणसणीत वाटली. पण त्या शरमेच्या खाली कुठेतरी असंही वाटत होतं की ही बाई काय बोलते आहे, आणि किती बरोबर बोलते आहे. चार वर्षांपूर्वी हीच माणिकबाई मीटिंगमध्ये स्वतःचं नाव सांगायला लाजायची.

मग माणिकबाई पार्बताबाईकडे वळली. "चोर म्हनलं म्या तुले. चुकलं माहं." असं म्हणून तिने चार माणसांत सरळ हात जोडले.

पार्बताबाईने आता तोंड उघडलं. "असू दे. पन थो कूलर लावला म्या, थे माह्या लाइटवर. बिल माह्यावर येईन. कोनाच्या उपकारात नाही मी."

"तो परत लावता का तिकडे?" आरती मॅडम मागून म्हणाल्या. सगळ्यांनी वळून पाहिलं. त्या तिथे आहेत, हे सगळे विसरूनच गेले होते. "मला तुमच्याशी बोलायचंय. नीट, सावकाश. पण या उकाड्यात मला काही सुचत नाहीये."

कूलर परत नेताना एका बाजूने दीपमालाने धरला आणि दुसऱ्या बाजूने गोवर्धन सरांनी. टाकीतलं पाणी हिंदकळून सरांचा कुर्ता गुडघ्यापर्यंत भिजला. वाटेत कोणी त्यांना "सर, आमी धरतो" म्हटलं नाही. सरांनीही तशी अपेक्षा केली नाही.

त्यानंतरची मीटिंग ठरलेली नव्हती. मॅडमनी विचारलं, हा कूलर घेतला कसा? आणि बाया सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कोणी वर्गणी द्यायला आधी नाही म्हटलं होतं, कोणाच्या नवऱ्याने भांडण केलं, दुकानदाराने शेवटी चहा कसा पाजला. फाइल बाजूला राहिली. लेकरं झोपली. पार्बताबाई दारातून डोकावली तेव्हा माणिकबाईने सरकून तिला सतरंजीवर जागा करून दिली. जाताना मॅडमच्या पिशवीत कुरडयांचा पुडा होता, आणि त्याचे पैसे त्यांनी दिले होते, पार्बताबाई नाही म्हणत असताना. निर्णयाचं त्या काहीच बोलल्या नाहीत. "कळवते," एवढंच.

"गेलं केंद्र," सर संध्याकाळी म्हणाले. कुर्ता वाळला होता, पण माणूस ओलाच दिसत होता.

"गेलं तर दुसरीकडे मागू," दीपमाला म्हणाली. "पण या खेपेला काय मागायचं, ते बायांना विचारून मागू, सर."

सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. त्यांच्याशी ती अशी पहिल्यांदाच बोलली होती आणि बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला भीती वाटली नाही.

मेच्या शेवटी मॅडमचा फोन आला. सरांना नाही, दीपमालाला. ट्रस्ट मदत चालू ठेवणार होता, आणखी दोन वर्षं. पण एका अटीवर. केंद्र आता बायांची समिती चालवेल. समितीची नोंदणी होईपर्यंत पैसे संस्थेच्या खात्यातून येतील, पण ते कुठे खर्चायचे, कोणाला कामावर ठेवायचं आणि संस्थेला किती भाग द्यायचा, हे बाया ठरवतील. "कोणाला कामावर ठेवायचं, त्यात तुम्हीसुद्धा आलात," मॅडम म्हणाल्या. "हे तुम्हाला आधीच सांगायला हवं म्हणून फोन केला."

"बरं झालं सांगितलंत," दीपमाला म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर बडनेऱ्याच्या फलाटावर बराच वेळ उभी राहिली. केंद्र वाचलं होतं. ती रडली थोडी. हळव्या जातीची नसली म्हणून काय झालं.

समितीची पहिली बैठक दुपारी, बाजार मंदावतो त्या वेळी भरली. समितीत पार्बताबाईचंही नाव होतं. ते माणिकबाईनेच सुचवलं होतं. शब्द पाळणारी बाई हाय, असं कारण तिने दिलं. दीपमालाने नेहमीसारखी सतरंजी अंथरली, नेहमीसारखा चार्ट पेपर भिंतीला लावला आणि स्केच पेनचं टोपण काढलं.

"ताई," माणिकबाई म्हणाली, "तुमी जरा बाहीर बसा. सर, तुमीबी. तुमच्याबद्दल बोलाचं हाय, तुमच्यासमोर कसं बोलाव?"

दीपमालाने पेनला टोपण लावलं. सरांच्या तोंडून "अगं, पण" एवढं निघालं, तोवर दीपमालाने त्यांना दारातून बाहेर आणलं होतं. मागे दार लागलं.

दोघं पार्बताबाईच्या रिकाम्या ओट्यावर सावलीत बसले. आतून कूलरचा आवाज येत होता आणि त्यात बायांचे आवाज मिसळत होते, त्यामुळे शब्द कळत नव्हते. एकदा कोणीतरी जोरात "नाही" म्हणालं. एकदा हशा झाला. मग बराच वेळ एकटी माणिकबाई बोलत राहिली.

"संस्था काढल्यापासून मला कोणी असं बाहेर बसवलं नव्हतं," सर म्हणाले. त्यांनी झोळी मांडीवर घट्ट धरली होती. "काय बोलत असतील?"

"माहीत नाही, सर."

"तुला भीती नाही वाटत?"

वाटत होती. नोकरीची वाटत होती, पुंजाजींना काय सांगायचं याची वाटत होती. पण त्या दाराकडे बघताना तिला दुसरंच काहीतरी जास्त वाटत होतं. आत तिच्याशिवाय निर्णय होत होता, आणि तो व्यवस्थित होणार याबद्दल तिला शंका नव्हती. एवढं मोठं काम तिने आयुष्यात केलं नव्हतं.

"वाटते," ती म्हणाली. "पण बसवलंय ते बरोबरच आहे ना?"

सर नुसते हसले.

दार उघडलं. माणिकबाई उंबऱ्यात आली, पदर सारखा केला आणि गिऱ्हाइकाला शेवटचा भाव सांगतात तशा आवाजात म्हणाली, "या ताई, आत या. तुमाले ठेवलं."

दीपमाला उठली. तिच्यामागोमाग सरही झोळी सावरत उठले.

"तुमी बसा, सर," माणिकबाई म्हणाली. "तुमचं अजून ठरून राह्यलं."

सर क्षणभर तसेच अर्धवट उभे राहिले. मग म्हणाले, "बसतो," आणि ऊन सरकत आलं होतं म्हणून ओट्यावर थोडे आत सरून बसले.